संपादक टिळक आणि त्यांच्यावरील खटले



लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे चरित्र तुम्हांला अपरिचित नाही. शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सर्वांनीच शाळेत वाचलेली असते, आणि मंडालेचा तुरुंग व 'गीतारहस्य' यांची सांगड आपल्या स्मरणात कायमची बसलेली असते. प्रस्तुत पाठात त्या चरित्राचे समग्र कथन करावयाचे नाही. टिळक हे चाळीस वर्षे वृत्तपत्रव्यवसायात होते आणि त्या काळात त्यांना पुनःपुन्हा न्यायालयासमोर उभे राहावे लागले, या एका बाजूने आपण त्यांच्या जीवनाकडे पाहणार आहोत. वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा. खटला चालतो तेव्हा समाजाचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष आरोपीच्या व्यक्तित्वाकडे आणि त्याला होणाऱ्या शिक्षेकडे असते. परंतु त्याच खटल्यात न्यायाधीश कायद्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ ठरवून जातात आणि तो अर्थ पुढे प्रत्येक संपादकाला लागू होतो. हा दुसरा भाग कोण वाचतो? टिळकांचे चरित्र या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार उपयोगी आहे. त्यातील काही उत्तर त्यांच्या चरित्राबाहेर, त्यांच्या सावलीत राहून गेलेल्या लहान पत्रांच्या वृत्तांतात सापडते.

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत शिक्षणखात्यात होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून 1877 साली गणित विषय घेऊन त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली आणि 1879 साली एलएल. बी. ची. कायद्याची ही पदवी चरित्रकार सहसा एका वाक्यात उरकतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र ती महत्त्वाची आहे. टिळकांनी वकिली केली नाही, परंतु कायद्याचे वर्ग चालविले, आणि कायद्याचे पुस्तक कसे वाचावे हे ज्याला ठाऊक आहे अशा माणसाने पुढे संपादकाची लेखणी हाती घेतली. 1 जानेवारी 1880 रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. 1881 च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' ही दोन साप्ताहिके निघाली. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, तर 'मराठा'ची जबाबदारी टिळकांकडे होती.

पत्रे सुरू होऊन वर्ष उलटते न उलटते तोच पहिला खटला उभा राहिला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, अशी बोलवा त्या काळी सर्वत्र होती. कारभारी महादेव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे हाती आली आणि 'केसरी' व 'मराठा' यांनी त्यांच्या आधारे कडक टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण ती फिर्यादीला पुरेशी वाटली नाही. 17 जुलै 1882 रोजी टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांचा मोठा सत्कार केला. खटला चालू असताना या दोघांसाठी जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, आणि त्यांना तसे करण्यास सांगितले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. फुले यांचा आणि या मंडळींचा विचारमार्ग किती भिन्न होता हे तुम्ही अन्य घटकात पाहिले आहे. त्या भिन्नतेमुळे त्यांनी आपला हात आखडता घेतला नाही, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवा. पुढे तिची आठवण करावी लागेल.

या पहिल्या खटल्याबाबत संपादकांची बाजू सर्वथा निर्दोष होती असे म्हणता येणार नाही. हाती आलेला पुरावा पारखून न घेता छापणे हा संपादकाचा दोषच होय. टिळकांनीही हा धडा घेतलेला दिसतो. त्यांच्या पुढील लेखनावर आरोप पुष्कळ झाले, पण ते अर्थाविषयीचे होते. आपण लिहिलेल्या शब्दाचा अर्थ कोण ठरविणार, हा यापुढचा वाद होता.

1887 साली 'केसरी'चे संपादकत्व टिळकांकडे आले. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर आगरकरांशी झालेली फारकत, 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा दिलेला राजीनामा, गणेशोत्सव आणि शिवजयंती यांना दिलेले सार्वजनिक रूप, कायदे कौन्सिलातील सभासदत्व या घटना तुम्हांला माहीत आहेत. आपण त्या ओलांडून, प्रथमदर्शनी टिळकांशी संबंध नसलेल्या एका घटनेकडे वळू.

1891 साली कलकत्त्यात 'बंगबासी' या बंगाली पत्रावर खटला झाला. भारतीय दंड संहितेत 124-अ हे राजद्रोहाचे कलम 1870 साली घालण्यात आले होते, पण वीस वर्षे ते केवळ पुस्तकात होते. 'बंगबासी' हे सनातनी मताचे पत्र होते आणि संमतिवयाच्या कायद्यावर त्याने प्रखर टीका केली होती. मुख्य न्यायमूर्ती पेथराम यांनी ज्यूरीला कलमातील कळीचा शब्द समजावून सांगितला. तो शब्द म्हणजे अप्रीती. प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा त्यांनी त्याचा अर्थ केला. ज्यूरीचे एकमत झाले नाही, आरोपींनी क्षमा मागितली आणि सरकारने खटला पुढे चालविला नाही. कोणाला तुरुंगवास घडला नाही, म्हणून प्रकरण मिटले असे वाटावे यात नवल नव्हते. प्रागतिक मताच्या वाचकाला तर या पत्राविषयी सहानुभूती वाटण्याचे कारणही नव्हते. परंतु ज्यूरीसमोर केलेला तो अर्थ कायद्याच्या निवाडासंग्रहात छापला गेला आणि तेथे तो सहा वर्षे शांतपणे पडून राहिला.

1897 साली तो बाहेर आला. त्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेगनिवारणासाठी लष्कराने चालविलेल्या घरझडत्यांनी लोक त्रस्त झाले होते. 22 जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. काही दिवसांनी ते मरण पावले. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'सारख्या अँग्लो-इंडियन पत्रांनी 'केसरी'तील उतारे देऊन खुनाशी त्यांचा संबंध सुचविण्यास आरंभ केला. म्हणजे या प्रकरणी काही वृत्तपत्रांची भूमिका दुर्लक्षाची नव्हती, ती सरकारला वाट दाखविण्याची होती. 27 जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. सरकारच्या डोक्याविषयी शंका घेणारा जो अग्रलेख आपण सर्वजण आठवतो, त्याबद्दल हा खटला नव्हता. आरोप होता तो 15 जूनच्या अंकातील मजकुराबद्दल: शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवोत्सवात अफझलखानाच्या वधाविषयी झालेल्या भाषणांचा वृत्तांत. दोन्ही मजकूर खुनाच्या आठवडाभर आधीचे होते.

न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला आणि 8 सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. बचावासाठी बंगालमधून निधी आला, कलकत्त्याचे बॅरिस्टरही आले. 14 तारखेला स्ट्रेची यांनी ज्यूरीला जे सांगितले ते पुढे पन्नास वर्षे वृत्तपत्रांच्या मानेवर राहिले. पेथराम यांच्याच वाटेने आणखी पुढे जाऊन त्यांनी असे मांडले की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारविषयीचा द्वेष, वैर, नावड, तिरस्कार अशी दुर्भावनेची प्रत्येक छटा तिच्यात येते. आणि लेखामुळे प्रत्यक्ष दंगा वा उठाव झाला किंवा नाही हे पाहण्याचे कारण नाही. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून या ठिकाणी थोडे थांबून भाषेच्या अंगाने विचार करा. वैर असणे आणि प्रीती नसणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी मनुष्याविषयी आपल्याला प्रीती नसते, म्हणून आपण त्याचे वैरी ठरत नाही. 'अ' या नकारवाचक पूर्वपदाने अभाव सूचित होतो की विरोध, हा व्याकरणातील जुना प्रश्न येथे एका संपादकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होऊन बसला. ज्यूरीतील सहा जणांनी टिळकांना दोषी ठरविले आणि तिघांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची झाली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली.

या खटल्याचे शब्दशः इतिवृत्त त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाले. मॅक्समुल्लरसारख्या विद्वानाने टिळकांच्या सुटकेसाठीच्या विनंतीअर्जावर सही केली आणि 1898 च्या सप्टेंबरात, मुदतीपूर्वी, ते सुटले. सारांश, या खटल्याकडे लक्ष देणारे डोळे पुष्कळ होते.

आता त्याच वर्षीच्या दुसऱ्या खटल्याकडे या. तत्कालीन सातारा जिल्ह्यातील इस्लामपूर येथून 'प्रतोद' नावाचे एक लहान मराठी पत्र निघत असे. त्यात कॅनडाविषयी एक लेख आला होता. कॅनडा देश स्वतंत्र होण्याची तयारी कशी करीत आहे, असा त्याचा आशय होता, आणि त्यावरून हिंदुस्थानाची तुलना सुचविली होती. एवढ्या लेखासाठी साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि मालकालाही अनेक वर्षांची. टिळकांना झालेल्या अठरा महिन्यांशी याची तुलना करून पाहा. तालुक्याच्या गावातील एका अप्रसिद्ध संपादकाला, परदेशाविषयीच्या लेखासाठी, आयुष्यभराची शिक्षा झाली होती. आपल्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक आहे?

अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आले. मुख्य न्यायमूर्ती फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे असे ते पीठ होते. शिक्षा कमी होऊन संपादकाची एक वर्षावर व मालकाची तीन महिन्यांवर आली. परंतु शिक्षेपेक्षाही मोलाची गोष्ट त्या निकालपत्रात आहे. पार्सन्स आणि रानडे यांनी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, हा अर्थ स्वीकारला नाही. रानड्यांच्या विवेचनाचा भावार्थ असा की, अप्रीती ही सकारात्मक अशी तिटकाऱ्याची भावना होय. ती राजनिष्ठेच्या विरुद्ध जाते, सत्तेची अवज्ञा करण्याकडे मनुष्याला वळविते. केवळ प्रेम नसणे म्हणजे ती नव्हे. टिळक आणि रानडे यांच्या सार्वजनिक मतभेदांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. ज्या वर्षी टिळक तुरुंगात होते त्याच वर्षी रानडे न्यायासनावरून त्या घातक व्याख्येला आवर घालीत होते, ही गोष्ट मात्र त्या लेखनात क्वचितच येते. ज्या खटल्यात त्यांनी हे केले तो खटला 'केसरी'चा नव्हता, 'प्रतोद'चा होता, हे त्याचे एक कारण असावे.

दोन्ही निवाडे मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाडासंग्रहाच्या एकाच खंडात, बाविसाव्या खंडात, जवळजवळ छापलेले आहेत. टिळकांचा खटला 112 व्या पृष्ठावर सुरू होतो आणि 'प्रतोद'चा 152 व्या पृष्ठावर. पहिला निवाडा देशभर गाजला. दुसऱ्यात त्याला उत्तर होते, पण ते वाचकांपर्यंत जावे तसे गेले नाही. वृत्तपत्रे एखाद्या खटल्याकडे दुर्लक्ष करतात तेव्हा त्यामागे नेहमी भीती किंवा दुष्टावा असतोच असे नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जिल्ह्याच्या न्यायालयातील खटला दूर असतो, रोज एकेका तारखेने पुढे सरकतो, त्यात नाट्य नसते. आणि आरोपी पत्र आपल्या पक्षाचे नसेल तर आपुलकीही नसते. अशा साध्या कारणांनी मोठे नुकसान होऊ शकते.

सरकार मात्र निवाडे काळजीपूर्वक वाचीत होते. 1898 साली कायदा बदलला गेला. 124-अ कलमात द्वेष आणि तुच्छता हे शब्द आले, आणि अप्रीतीत बेइमानी व वैराच्या सर्व भावना यांचा समावेश होतो असे स्पष्टीकरण जोडले गेले. पार्सन्स-रानडे यांनी अरुंद केलेली वाट कायदेमंडळाने पुन्हा रुंद केली. या बदलाला विरोध झाला नाही असे नाही. कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याविरुद्ध निबंध वाचला होता. पण त्याच वर्षी फौजदारी कार्यपद्धतीची नवी संहिताही आली, आणि तिच्यातील 108 व्या कलमाने राजद्रोही मजकूर पसरविणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. त्यासाठी गुन्हा शाबीत होण्याची आवश्यकता नव्हती. या कलमाची गाठ टिळकांशी अठरा वर्षांनी पडावयाची होती.

मधली दहा वर्षे आपण वेगाने ओलांडू. ताईमहाराज प्रकरणाने टिळकांची कित्येक वर्षे खाल्ली. त्याचा वृत्तपत्रस्वातंत्र्याशी संबंध नाही. 1905 नंतर वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला. 30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला, आणि 8 जून रोजी सरकारने एकाच दिवशी दोन कायदे केले. एक स्फोटक पदार्थांविषयीचा होता. दुसरा वृत्तपत्रांविषयीचा होता आणि त्यान्वये चिथावणीच्या आरोपावरून छापखाना जप्त करता येई.

याच सुमारास मुंबई इलाख्यातील मराठी पत्रांवर खटल्यांची मालिका सुरू झाली. मुंबईचे 'विहारी', ठाण्याचे 'अरुणोदय' आणि पुण्याचे 'काळ' ही पत्रे तिच्यात सापडली. 'काळ'चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांचे वक्रोक्तिपूर्ण निबंध तुम्ही निबंधवाङ्मयाच्या अभ्यासात वाचले आहेत. परांजप्यांना अटक होताच टिळक त्यांच्या बचावाच्या कामासाठी मुंबईस गेले. 'काळ' हे 'केसरी'चे प्रतिस्पर्धी पत्र म्हणता आले असते. एकाच शहरातून, एकाच वाचकवर्गासाठी दोन्ही निघत होती. टिळकांनी तो हिशेब केला नाही. 24 जून 1908 रोजी, दुसऱ्या संपादकाच्या खटल्यासाठी मुंबईत उतरलेले असताना, सरदारगृहात त्यांना स्वतःलाच अटक झाली. 1882 साली जोतीरावांनी केलेल्या कृतीची जी नोंद आपण करून ठेवली, तिच्याशेजारी ही घटना ठेवा.

टिळकांवरील आरोपाचा विषय होता 12 मे आणि 9 जून या अंकांतील लेख. यांपैकी 9 जूनचा लेख आदल्या दिवशीच्या दोन नव्या कायद्यांची चिकित्सा करणारा होता. दडपशाहीचे हे उपाय टिकणारे नाहीत, असे त्यात प्रतिपादन केले होते. वृत्तपत्रांवर बंधन घालणाऱ्या कायद्याची चर्चा वृत्तपत्राने करावी, आणि ती चर्चाच राजद्रोह ठरावी, असा हा प्रकार होता. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला आला. 1897 साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले हेच ते दावर. आता बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी केलेला जामीनअर्ज त्यांनी नाकारला.

टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. मराठी लेख त्यांनी इंग्रजी भाषांतरातून वाचले. म्हणून टिळकांनी भाषांतरातील एकेका शब्दाची चिकित्सा केली, इंग्लंडमधील वृत्तपत्रस्वातंत्र्याचा आणि ज्यूरीच्या अधिकाराचा इतिहास मांडला. न्यायालयात उभा असलेला हा संपादक कायद्याचा जुना विद्यार्थी होता हे त्या भाषणात पदोपदी जाणवते. आपली सुटका होईल अशी त्यांना फारशी आशा नसावी. तरीही एवढा खटाटोप त्यांनी केला, कारण बोललेले सर्व नोंदले जात होते. आणि तसेच घडले, नरसिंह चिंतामण केळकर यांनी त्या खटल्याचे संपूर्ण इतिवृत्त त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. 22 जुलैच्या रात्री सातांनी दोषी व दोघांनी निर्दोष असा कौल दिला. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले.

आणि परांजपे? त्यांना दोनच आठवड्यांपूर्वी, 8 जुलै रोजी, एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली होती. टिळकांच्या खटल्याच्या गलबल्यात ती बातमी बुडून गेली. ते सुटून आले तरी पत्राची सुटका झाली नाही. 1910 साली नवा वृत्तपत्र कायदा झाला. त्यान्वये 'काळ'कडून जामिनाची रक्कम मागण्यात आली आणि पत्र बंद पडले. आरोपपत्र नाही, साक्षीपुरावा नाही, निकालाचा दिवस नाही, त्यामुळे गर्दी जमण्याचा प्रश्नच नव्हता. टिळकांच्या सहा वर्षांच्या मंडालेवासात वृत्तपत्रनियंत्रणाची रीत अशी पालटून गेली होती. संपादकाला हुतात्मा करण्यापेक्षा छापखान्याकडून पैसे मागणे सरकारला सोयीचे होते. 1897 चा आणि 1908 चा खटला आपल्याला ठसठशीत दिसतो; 1910 नंतर बंद पडलेली पत्रे मोजताना मात्र आपली बोटे अडखळतात.

मंडालेत 'गीतारहस्य' लिहून 1914 च्या जूनमध्ये टिळक परतले. 23 जुलै 1916 रोजी त्यांच्या वयाला साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात सत्कार चालू असतानाच त्यांच्या हाती सरकारी नोटीस आली. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांबद्दल वीस हजारांचा मुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले होते. ज्या कलमान्वये हे झाले ते 1898 सालच्या संहितेतील 108 वे कलम. जिना पुन्हा उभे राहिले, आणि 9 नोव्हेंबरला न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा आदेश रद्द केला. सर्वत्र आनंद झाला आणि तो योग्यच होता. परंतु निकाल बारकाईने पाहिला तर असे दिसते की, न्यायमूर्तींनी अप्रीतीचा जुना अर्थ बदलला नाही. भाषणे तुटक उताऱ्यांनी न वाचता समग्र वाचावीत, आणि समग्र वाचता ती राजद्रोही ठरत नाहीत, असा तो निर्णय होता. टिळक सुटले आणि व्याख्या तशीच राहिली.

चरित्राचा प्रामाणिक विचार करताना एक विरोधाभासही सांगितला पाहिजे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हिंदुस्थानातील अशांततेवरील आपल्या पुस्तकात टिळकांवर हिंसेच्या प्रेरणेचा ठपका ठेवला होता. टिळकांनी लंडनमध्ये त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 1919 साली तो हरले. ज्या कायद्याने 1882 साली त्यांना डोंगरीस पाठविले त्याच प्रकारच्या कायद्याचा आश्रय त्यांनी एका लेखकाविरुद्ध घेतला. मनुष्य संपादक असतो तेव्हा त्याला कायदा एका बाजूने दिसतो आणि आपली बदनामी झाली की दुसऱ्या बाजूने. टिळकही याला अपवाद नव्हते. या दाव्याने त्यांना मोठ्या कर्जात लोटले.

1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत, सरदारगृहातच, त्यांचे देहावसान झाले. बारा वर्षांपूर्वी परांजप्यांच्या खटल्यासाठी येऊन ते ज्या वास्तूत पकडले गेले तीच ही वास्तू.

व्याख्येचे चरित्र मात्र त्यानंतरही चालू राहिले. 1942 साली दिल्लीच्या फेडरल कोर्टाने, सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा येण्याचा संभव असल्याखेरीज राजद्रोह होत नाही, असे ठरविले. 1947 साली, स्वातंत्र्य अवघ्या काही महिन्यांवर आलेले असताना, मुंबई इलाख्यातीलच एका पत्रकाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते मत चुकीचे ठरवून पन्नास वर्षांपूर्वीचा स्ट्रेची यांचा अर्थच बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. सत्तांतराच्या गडबडीत अशा निकालाकडे कोणाचे कितीसे लक्ष जाणार? पुढे 1962 साली केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेडरल कोर्टाच्या बाजूने कौल देऊन कलमाची व्याप्ती हिंसा वा अव्यवस्थेच्या चिथावणीपुरती मर्यादित केली.

उपक्रम : तुमच्या जिल्ह्यातून स्वातंत्र्यपूर्व काळात निघणाऱ्या एखाद्या मराठी पत्राची माहिती नगरवाचनालयातून मिळवा. ते पत्र का व कसे बंद पडले, त्यावर खटला झाला होता काय, झाला असल्यास त्याची बातमी समकालीन अन्य पत्रांनी दिली होती काय, हे शोधून दोन पृष्ठांचे टिपण लिहा. बातमी आढळली नाही, तर ज्या अंकांत ती शोधली त्यांच्या तारखा टिपणात नोंदवा.